चढाईचा ठेका

२०१६ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेला वानखेडे मैदानावर भारताने १९२ धावा उभारल्या, विराट कोहली ८९ धावांवर नाबाद राहिला, आणि तरीही लेंडल सिमन्स या आयत्या वेळी बोलावून घेतलेल्या खेळाडूने नाबाद ८२ धावा करून वेस्ट इंडीजला अंतिम सामन्यात नेले, हा वृत्तान्त क्रिकेटच्या शौकिनांना मुखोद्गत आहे. परंतु त्या रात्रीचे जे दृश्य पुढे कित्येक महिने खेड्यापाड्यांतल्या मोबाईलांवर फिरत राहिले ते सिमन्सच्या फटक्यांचे नव्हते. ड्वेन ब्राव्होने स्वतः गायिलेल्या ‘चॅम्पियन’ या गाण्यावर गुडघे वाकवीत आणि हात हेलकावीत नाचणाऱ्या पाहुण्या संघाचे ते होते. ज्यांनी आपल्याला आपल्याच अंगणात हरविले त्यांच्या नाचात आपली माणसे इतक्या निर्वैर बुद्धीने रमली, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. तीनच दिवसांनी कोलकात्यात ब्रेथवेटने शेवटच्या षटकात लागोपाठ चार षटकार मारले, त्याच दिवशी वेस्ट इंडीजच्या महिलांनीही विश्वचषक जिंकला, आणि दोन्ही संघ पुन्हा त्याच गाण्यावर नाचले.

महिना उलटायच्या आत, २९ एप्रिलला, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’ने महाराष्ट्रातील यच्चयावत वराती आपल्या ताब्यात घेतल्या. सप्टेंबरच्या ५ तारखेला जिओची सेवा सुरू झाली आणि आजवर तोळ्यामाशाने वापरायचा डेटा लोक घागरीने ओतू लागले. एक नाच, एक चाल आणि एक स्वस्त वाहिनी अशा तीन गोष्टी एकाच वर्षी मराठी मुलखाच्या हाती आल्या. कोणा पहिल्या उपद्व्यापी माणसाने खेळाडूच्या नाचाखालचे मूळ गाणे काढून तेथे ‘झिंगाट’ चढविले, याचा दाखला कोणत्याही दप्तरात सापडायचा नाही. पण त्या वर्षानंतर हा उद्योग थांबलेला नाही, हे मात्र खरे.

यंदाच्या अंकासाठी ‘ठेका’ हा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा संगीताचे जाणकार तबल्यावर आणि पखवाजावर अधिकाराने लिहितील, असे मानून मी माझ्यापुरता हा हलका प्रांत निवडला. मुंबईच्या स्टुडिओंत जाण्याचा मोह टाळला आणि वाशिम जिल्ह्यातील अनसिंगचा रस्ता धरला. कारण मला कोणी तरी पाठविलेली कबड्डीची एक चित्रफीत तेथल्या मैदानावरची होती.

शृंगऋषींच्या गावी

अनसिंग हे वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे, बाजारपेठेचे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा निराळा झाला, तोपर्यंत त्याचा कारभार अकोल्याच्या कचेरीतून चाले. भाद्रपदात गेल्यास दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेले सोयाबीन कमरेला येऊन टेकलेले असते आणि पावसाची एक झड आली, की रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर उभे राहायला जागा मिळत नाही.

गावात शृंगऋषींचे देवस्थान आहे. रामायणातल्या बालकांडात ऋष्यशृंगाची जी कथा येते तिच्यात अंगदेशाचा राजा रोमपाद अवर्षणाने हवालदिल होतो आणि ज्याने उभ्या जन्मात स्त्री पाहिलेली नाही अशा त्या तपस्व्याला गाण्यानाचण्यात निपुण असलेल्या गणिका पाठवून आपल्या राज्यात आणवितो. ऋषींचे पाऊल पडते आणि पर्जन्यवृष्टी होते. ज्या गावचे दैवत नादाने आणि हावभावांनी भुलवून आणलेले, त्या गावी नाचाचा तपास करायला जाण्यात काही गैर नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली.

ज्याने ती चित्रफीत तयार केली तो तरुण मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून देतो, रिचार्ज मारतो, आणि फावल्या वेळात वाढदिवसांचे, लग्नांचे व खेळाचे ‘स्टेटस’ बनवितो. त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. गावात त्याला लहानथोर ‘एडिटर’ म्हणूनच हाक मारतात आणि तोही त्या हाकेला ओ देतो. मी फितीची स्तुती करू लागलो, तेव्हा त्याने मला मध्येच थांबविले. “काका, गानं सोडा. पाय पाहा पाय. गानं मंग लावता येते.”

मी पाय पाहिले. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडून समोरच्या सातजणांपुढे उभा होता आणि डाव्या-उजव्या पायावर भार आलटून-पालटून टाकीत, टाच जमिनीला न टेकविता, चवड्यांवर थुईथुई हलत होता. दर चौथ्या हलण्यानंतर त्याचा उजवा पाय किंचित पुढे सरकून बोनस रेषेची चाचपणी करी आणि तेवढ्याच झपाट्याने मागे येई. हे नाचणे नव्हते. पकडीसाठी टपलेल्या कोपरारक्षकाला कोणत्या क्षणी झेप घ्यावी हे कळू नये, म्हणून वर्षानुवर्षे अंगवळणी पाडलेली ती हालचाल होती. परंतु तिच्यात ठेका होता, आणि तोंडाने चाललेल्या ‘कबड्डी, कबड्डी’च्या दमाशी तो ठेका पक्का बांधलेला होता. एडिटरने त्याखाली फक्त ‘हलगी मिक्स’ सरकविले होते. पाहणाऱ्याला वाटावे, की हा गडी हलगीच्या तालावर नाचतो आहे. वास्तविक हलगीच त्याच्या पायांमागे धावत होती.

पंधरा चौकटी

हे कसे साधते, ते त्याने मला बैजवार दाखविले, आणि ज्या एकाग्रतेने तो बोलत होता ती पाहून मला जुन्या छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्या कारागिराची आठवण झाली. चित्रफितीत सेकंदाला साधारण तीस चौकटी असतात. गाण्याची चाल मिनिटाला १२० ठोक्यांची धरली, तर दर ठोक्याला अर्धा सेकंद, म्हणजे पंधरा चौकटी मिळतात. एडिटर प्रथम गाणे ऐकत बोटाने पडद्यावर खुणा करीत जातो. याला ‘बीट मारणे’ म्हणतात. मग खेळाडूचा पाय जमिनीला टेकतो ती चौकट शोधून तो ती खुणेवर आणून बसवितो. पाऊल ठोक्याच्या आधी पडले, तर त्या तुकड्याचा वेग अंमळ कमी करायचा. उशिरा पडले, तर वाढवायचा. दोन-तीन चौकटींची तफावत डोळ्याला दिसत नाही, पण कुठेतरी खटकते; पाच-सहा चौकटींची तफावत मात्र शेंबड्या पोरालाही कळते आणि तो बोट पुढे सरकवून दुसरी फीत लावतो.

पाय मुळातच तालात नसेल, तर काय करता, असे मी विचारले. त्यावर त्याने एका क्षेत्ररक्षकाची, चेंडू अडविताना घसरून पडतापडता सावरल्याची, जेमतेम सेकंदाची हालचाल घेतली, ती एकदा सुलटी आणि एकदा उलटी अशी चार वेळा जोडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बिचारा क्षेत्ररक्षक कमरेतून लचकू लागला. मनुष्याची कोणतीही हालचाल दोनदा घडली, तर ती अपघात वाटते. चार वेळा समान अंतराने घडली, की मन तिला नृत्य म्हणून दाखल करून घेते. साऱ्या व्यवसायाचे गुपित एवढेच आहे, आणि ते उघड करण्यास त्याची काही हरकत नव्हती.

त्याच्याजवळ संगणक नाही. काईनमास्टर आणि अलाइट मोशन ही दोन ॲप त्याला पुरतात. दुसऱ्याने रचून ठेवलेल्या चमकांच्या आणि हिसक्यांच्या तयार फाइली मित्रमंडळी एकमेकांना पाठवितात. ‘हलगी मिक्स’, ‘ढोल मिक्स’, ‘ब्रास बँड मिक्स’ असे गाण्यांचे पाठ डीजे लोक तयार करतात आणि मधूनच त्यात आपल्या नावाचा दमदार पुकारा भरतात, जेणेकरून चोरणाऱ्यालाही मालकाचे नाव वाजविणे भाग पडावे. हक्क राखण्याची ही रीत कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा अधिक परिणामकारक आहे, असे माझे मत झाले.

कबड्डीच्या बाबतीत आणखी एक योग जुळून आला. प्रो कबड्डीचे सामने २०१४ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि तीस सेकंदांची चढाई सर्वतोमुखी झाली. २०१७ मध्ये व्हॉट्सॲपने ‘स्टेटस’ आणले आणि त्यात टाकायच्या चित्रफितीची मर्यादाही कित्येक वर्षे तीस सेकंदांचीच राहिली. क्रिकेटचे षटक त्या मापात मावत नाही, कुस्ती तर कधी पाच पळांत संपते आणि कधी अर्धा तास रेंगाळते; चढाई मात्र जणू माप देऊन शिवून घेतल्यासारखी त्यात बसते. अनसिंगसारख्या गावांत खेळाच्या फितींमध्ये कबड्डीला जो मान मिळाला आहे, त्याच्या मागे खेळाचे प्रेम आहेच, पण हे मापही आहे.

बर्लिनची वारी

खेळाडूंच्या देहाला चालीवर चढविण्याचा हा खटाटोप मोबाईलच्या पिढीने शोधून काढला, असा समज असल्यास तो दूर करणे अवश्य आहे. आणि त्यासाठी वाशिमपासून फार दूर जावे लागत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली. या मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी जर्मनीत गेले आणि त्याने कबड्डीसारखे देशी खेळ व व्यायामप्रकार तेथील प्रेक्षकांना करून दाखविले. वऱ्हाडच्या मातीतले गडी त्या नगरीत ‘हुतूतू’चा दम घुमवीत असताना, त्याच ऑलिंपिकच्या मैदानांवर लेनी रीफेनश्टाल ही दिग्दर्शिका कॅमेऱ्यांचा मोठा लवाजमा घेऊन चित्रीकरण करीत होती.

तिचा ‘ऑलिंपिया’ १९३८ मध्ये पडद्यावर आला. त्यातील सूर मारणाऱ्या जलतरणपटूंचा भाग आजही पाहण्यासारखा आहे. आरंभी उड्या रीतसर दिसतात, पाण्याचे तुषार उडतात. मग हळूहळू पाणी नाहीसे होते, कोण कोणत्या देशाचा हे कळेनासे होते, काही उड्या तर चक्क उलट्या फिरविलेल्या आहेत, आणि शेवटी आकाशाच्या पार्श्वभूमीवर देहांच्या नुसत्या आकृती संगीताच्या लाटेवर तरंगत राहतात. अनसिंगच्या एडिटरने माझ्यासमोर क्षेत्ररक्षकाला जे केले, तेच हे. साधने आणि हेतू निराळे. ज्या सत्तेच्या गौरवासाठी ही कला राबविली गेली तिचे स्वरूप जगजाहीर आहे, आणि त्या कौशल्याची तारीफ करताना जीभ थोडी अडखळावी, हेच योग्य.

त्या सत्तेला तिच्याच शस्त्राने उत्तर मिळाले, ही गंमत मी एडिटरला सांगितली. रीफेनश्टालनेच पूर्वी चित्रित केलेले न्यूरेंबर्गच्या मेळाव्याचे संचलन घेऊन, महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, ब्रिटनच्या माहिती मंत्रालयातील चार्ल्स रिडले याने ते कापून, पुढेमागे करून, ‘लँबेथ वॉक’ या लंडनच्या लोकप्रिय नाचगाण्यावर असे बसविले, की हिटलर आणि त्याचे सैनिक ठुमकत पुढे येतात आणि ठुमकत मागे जातात. मी ती फीत त्याला मोबाईलवर काढून दिली. त्याने ती एकदा सरळ पाहिली, एकदा थांबवून थांबवून पाहिली, आणि म्हणाला, “काका, हे फिल्म कात्रीनं कापलं असंन ना? एकही बीट चुकला नाई याचा.” एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली ही पावती होती, मध्ये ऐंशीहून अधिक वर्षे पडली आहेत, हे दोघांच्याही गावी नव्हते.

नाचला, की नाचविला?

डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गच्या कसोटीत आंद्रे नेलच्या डिवचण्याला श्रीशांतने षटकाराने उत्तर दिले आणि बॅट डोक्यावर गरगर फिरवीत तो खेळपट्टीवर नाचत सुटला. यूट्यूबला तेव्हा दोन वर्षेही पुरती झालेली नव्हती. तो नाच त्याचा स्वतःचा होता. पुढे त्याखाली कोणी कोणती गाणी लावली, हा नंतरचा भाग. २०२० च्या टाळेबंदीत डेव्हिड वॉर्नर ‘बुट्टा बोम्मा’ या तेलुगू गाण्यावर सहकुटुंब नाचला, तेव्हाही नाचणारा आणि फीत प्रसृत करणारा एकच होता. ज्या टिकटॉकवर ती फीत होती त्यावर जूनच्या २९ तारखेला भारतात बंदीचे फर्मान निघाले, तरी त्याचा उत्साह आटला नाही, तो दुसऱ्या घरी मुक्कामाला गेला. आपली जेमिमा रॉड्रिग्ज २०२० च्या विश्वचषकाच्या वेळी एका सुरक्षारक्षकाबरोबर नाचली ती मौजेने. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक स्वीकारायला जाताना हरमनप्रीत कौरने भांगड्याची जी पावले टाकली, ती पाहून कोणाला कृत्रिमतेचा संशयही आला नसेल.

याच्या उलट बाजूला रेचल गन उभी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा नृत्यप्रकार खेळ म्हणून दाखल झाला, त्यात ही ऑस्ट्रेलियाची प्राध्यापिका ‘रेगन’ या नावाने उतरली; तिन्ही फेऱ्यांत तिला परीक्षकांचा एकही कौल मिळाला नाही. कांगारूसारखी तिची ती उडी जगातल्या यच्चयावत गाण्यांवर बसविण्यात आली. पुढे तिच्या नावावर एक विनोदी संगीतिका निघू पाहत होती, तेव्हा तिच्या वकिलांनी हरकत घेतली आणि प्रयोग तहकूब झाला. जी स्वतः नाचायलाच आली होती तिला दुसऱ्यांनी नाचविणे असह्य व्हावे, हे मला मुळीच विसंगत वाटत नाही.

यंत्रबुद्धीने तर आता पायांचीही गरज ठेविलेली नाही. एक छायाचित्र पुरते. मे २०२४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत स्वतःच्याच असल्या एका बनावट नाचाची फीत पंतप्रधानांनी प्रसृत करून आपल्याला मौज वाटल्याचे कळविले, आणि त्याच सुमारास बंगालच्या मुख्यमंत्र्यांच्या तशाच फितीवरून कोलकात्याच्या पोलिसांनी नोटीस धाडली. एकाच करामतीवर एका ठिकाणी हशा आणि दुसऱ्या ठिकाणी चौकशी, असा हा मामला आहे.

कायद्याकडे पाहावे, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ‘कलाकार’ कोणाला म्हणावे याची जी यादी दिली आहे तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीला कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा गृहस्थही बसविला आहे. खेळाडूचा नामनिर्देश मात्र तेथे नाही, त्याने शेवटच्या ‘अन्य कोणीही’ या ओसरीवर जागा धरावी. मी व्याख्याने देतो, त्यामुळे गारुड्याच्या शेजारी माझी सोय झालेली आहे. अनसिंगच्या चढाईपटूची नाही.

लेझीम आणि लाज

गावातल्या शाळेच्या पटांगणात गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझमीचा सराव चालला होता. शिकविणारे गुरुजी शारीरिक शिक्षणाचे. ‘चार आवाज’, ‘आदि लगाव’, ‘आगे फलांग’ असे आखाड्यातले हुकूम ते मोठ्याने देत होते. मी नाच हा शब्द उच्चारताच ते गंभीर झाले. “लेझीम ही कवायत आहे, सर. घाम पाहा पोरांचा. नाच दिसतो तो बघणाऱ्याला.” ‘छावा’ चित्रपटाच्या झलकेत संभाजीराजे लेझीम खेळताना दाखविल्यावरून जानेवारी २०२५ मध्ये जो क्षोभ उसळला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना ते दृश्य काढावे लागले, त्याचा विषय मी काढला. तालमीत वाढलेल्या प्रकाराला राजाच्या अंगावर चढविताच त्याची अप्रतिष्ठा वाटावी, हे मला आजही उमगलेले नाही. गुरुजींनी मात्र त्यावर मौन राखिले.

प्रतिष्ठेचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक बोचरा होतो. गावातल्या मुलीही कबड्डी खेळतात. एडिटरचा दंडक असा, की मुलीच्या चढाईची फीत घरच्यांचा होकार असल्याखेरीज करायची नाही, आणि केली तरी त्याखाली पोवाड्याच्या धाटणीचेच काहीतरी लावायचे. हा दंडक त्याला कोणी घालून दिलेला नाही. मागे दुसऱ्या कोणी तरी एका मुलीच्या फितीखाली भलतेच गाणे घातले आणि तिचे मैदानावर येणे बंद झाले, एवढे त्याने सांगितले. अधिक विचारले तेव्हा त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरविले. मला त्याचा दंडक पसंत आहे, पण पुरता पसंत नाही. कारण होकार विचारायचा तो घरच्यांना, खेळणारीला नव्हे. हरमनप्रीतच्या भांगड्यावर टाळ्या वाजविणारे घर आपल्या पोरीच्या दोन पावलांना दार लावून घेते, या गोष्टीला नुसते खेडवळपण म्हणून भागणार नाही. शहरांतही मी हेच पाहिले आहे.

चाल बदलण्याचा अर्ज

ज्याच्या पायांनी मला येथवर आणले त्या चढाईपटूची भेट संध्याकाळी मैदानावर झाली. पावसाने अर्धे मैदान चिखलात गेले होते आणि उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर पोरे फक्कीने रेषा आखीत होती. हा गडी दिवसा सोयाबीनला फवारणी करतो आणि हंगामात आसपासच्या गावांतल्या सामन्यांना बोलावणे आले, की संघाबरोबर जातो. आपली फीत किती जणांनी पाहिली, याचे त्याला अप्रूप होतेच. परंतु त्याची एक तक्रारही होती आणि ती मी अपेक्षिलेली नव्हती. विनापरवाना नाचविले, अशी ती तक्रार नव्हती. तो एडिटरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “मले नाचवलं त्याचं काई नाई. पन हे हलगीवालं गानं कायले लावलं बे? मी खेळतो तवा माया डोक्यात दुसरंच वाजते.”

काय वाजते, म्हणून मी विचारले. तो लाजला. मग त्याने सांगितले, की चढाईला जाताना तो मनातल्या मनात भजनाची एक चाल धरतो. आजोबांबरोबर लहानपणी काकड्याला बसायचा तेव्हापासूनची. दम त्या चालीवर धरला, की तुटत नाही, असा त्याचा अनुभव.

एडिटरने तेथेच उभ्याउभ्या मोबाईल काढला, ती चाल त्याला गुणगुणायला लावली आणि बोटाने बीट मारून पाहिले. चाल संथ निघाली. पाय तिच्या दुपटीहून थोडे अधिक जलद पडत होते. दर चौथ्या पावलाला ठोका चुके. “हे बसत नाई, भाऊ,” तो म्हणाला, “तुया पायाचा वेग कमी करा लागंन, मंग तू म्हातारा दिसशीन.” चढाईपटूला हे मान्य नव्हते. त्याचे म्हणणे, की पाय आहेत तसेच ठेव आणि गाणे थोडे पुढे ओढ. एडिटरचे म्हणणे, की भजन पुढे ओढले तर ते भजन राहत नाही. शेवटी मैदानावरच त्याने चपला काढल्या, एडिटरला कोपऱ्यात उभे केले आणि तोंडाने दम धरून पुन्हा चढाई करून दाखविली. तीन पावले बरोबर पडली, चौथे चिखलात गेले. पंच म्हणून उभ्या असलेल्या पोराने शिटी वाजविली आणि दोघांनाही रेषेबाहेर काढले, कारण त्याला खरा सामना सुरू करायचा होता.